साडूभाऊ मोपाला, मी दाबोळीला

आमच्या नेसरीत विमान उतरत नाही, पण विमानतळांचा विषय निघाला की गाव माझ्याकडे बघतं. निदान मला तसं वाटतं. उत्तरेला कोल्हापूरचं उजळाईवाडी, राजाराम महाराजांच्या काळातलं, 1939चं. आग्नेयेला बेळगावचं सांबरा, पश्चिमेला चिपी, आणि घाट उतरून गेलं की गोव्यात एकाला दोन. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मी कट्ट्यावर टेकलो की लोकांना वैरणीची आठवण होते.

त्यामुळं दिल्लीहून येणाऱ्या साडूभाऊंचं तिकीट मीच काढलं. सांबऱ्यापेक्षा गोवा स्वस्त पडत होतं. पडद्यावर ‘गोवा’ दिसलं, शेजारचं बारीक अक्षर सोडून दिलं. गोव्याचं विमानतळ म्हणजे दाबोळी, हे मला शाळेपासून पाठ. पोर्तुगीजांनी बांधलेलं, पुढं नौदलाकडं आलेलं. त्यात वाचायचं काय?

आजरा, आंबोली, बांदा करत पत्रादेवी ओलांडली. धारगळजवळ विमानाचं चित्र असलेला फलक आला. बायको म्हणाली, “हितनं वळायचं न्हाई?”

मी गाडी जराशी हळू केली, ती वळायला नव्हे, माहिती द्यायला. “हे मोपा. मनोहर पर्रीकरांचं नाव दिलंय. 2023च्या जानेवारीत विमानं सुरू झाली. आपला काय संबंध?”

पुढं मांडवीवरचा अटल सेतू आणि जुवारीचा नवा पूल यांवरही माझं व्याख्यान झालं. बायको डोळे मिटून ऐकत होती.

दाबोळीला पोचल्यावर फोन लावला. “आम्ही बाहेर उभे आहोत.”

“मीही बाहेरच उभा आहे,” साडूभाऊ म्हणाले.

“दिसत नाही. हात वर करा बघू.”

त्यांनी केला. मीही केला. माझा हात बघून एक टॅक्सीवाला धावत आला. त्यानं माझ्या मोबाईलवरचं तिकीट वाचलं आणि हळहळून म्हणाला, “पात्रांव, हें मोपाचें.”

तरी मी खचलो नाही. मोबाईलवर दोन विमानतळांमधलं अंतर काढलं. सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आसपास, विमानाला काही मिनिटं. साडूभाऊंना तेच कळवलं, “चाळीसच आहे, आलोच!” त्या चाळिसात एकही नदी, एकही वळण धरलेलं नव्हतं. रस्त्यानं ते साठीच्या पुढं जातं, आणि दाबोळीला चढून मोपाला उतरणारा प्रवासी अजून जन्मायचाय. शिवाय पणजीत संध्याकाळ झाली होती, म्हणजे सगळा गोवा रस्त्यावर.

गाडी खोळंबल्यावर मी बायकोला म्हटलं, “मागचापुढचा विचार न करता निघायचं, हे आमच्या मातीतच आहे. 24 फेब्रुवारी 1674ला प्रतापराव गुजर सहा स्वार घेऊन नेसरीच्या खिंडीत बहलोलखानावर तुटून पडले, ते काय नकाशा बघून?”

“त्यास्नी गनीम कुठं हाय ते तरी ठावं होतं,” ती म्हणाली.

मोपाला पोचलो तेव्हा साडूभाऊ बॅगेवर बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. गाडीत बसता बसता त्यांनी सांगितलं, “परतीचं तिकीट मी आत्ताच काढलं. बेळगावहून.”

सांबरा नेसरीहून किती लांब, कोणत्या फाट्यावर वळायचं, हे सांगायला मी तोंड उघडलं.

“तुम्ही गाडी चालवा,” बायको म्हणाली, “म्या फलक वाचती.”