शेवटची एसटी कितीची? : नव्या तासिका-प्राध्यापकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

प्रथम मोटारसायकलची टाकी भरून घ्या. नियुक्तीचा आदेश, सेट-नेटचं प्रमाणपत्र, प्रबंधाची सोनेरी अक्षरांची प्रत, यातलं काहीही जून महिन्यात कामी येत नाही. कामी येते ती एमएच ३७ पासिंगची गाडी, रेनकोट आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा. गठ्ठा दुहेरी पिशवीत बांधा. पहिल्या पानावर संस्थापक-अध्यक्षांचा फोटो असतो. तो ओला झालेला चालत नाही.

तुमची अशी समजूत असेल की आपल्याला शिकवायला घेतलं आहे. घेतलं आहे, पण शिकवायला मुलं लागतात, आणि ती आणायचीही तुम्हीच. तासिका तत्त्वाचं गणित सोपं आहे: पैसे तासावर, तास वर्कलोडवर, वर्कलोड पटावर आणि पट तुमच्या टाकीतल्या पेट्रोलवर. कायम असलेले ज्येष्ठ सर ‘आमच्या वेळी पोरं आपणहून यायची’ म्हणतील, तेव्हा हसू नका. त्यांच्याही वाट्याला आठ गावांची यादी आलेली असते. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं हे करतो आहे. कॉलेजचं नाव विचारू नका, माझा यंदाचा आदेश अजून निघायचा आहे.

गावात शिरताना

आपण कुणाच्या वतीने आलो आहोत, हे स्वतःशी पक्कं करा. माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, ‘संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्नित’. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडे. आपला जिल्हा त्याच्याहून धाकटा. १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणजे विद्यापीठ निघालं तेव्हा वाशीम नावाचा जिल्हाच नव्हता. गावात ‘विद्यापीठ’ हा शब्द कुणी वापरत नाही. लोक म्हणतात, ‘अमरावती’. अमरावतीनं पेपर पुढे ढकलला, अमरावतीवरून मार्कशीट यायची आहे. वाशीमहून ती अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात. मंगरूळपीर, कारंजा करत एसटीनं जा, नाहीतर रेल्वेनं अकोल्याला उतरून गाडी बदला. बहुतेक मुलं पदवी घेऊन मोकळी होतात तरी त्यांनी विद्यापीठाचं फाटक पाहिलेलं नसतं. त्यांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे चिखलानं भरलेल्या पँटीत दारात उभा असलेला माणूस. तो तुम्ही.

लाज वाटत असेल तर एक आठवा. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा गावोगाव फिरूनच मुलांना शाळेत घाला म्हणून सांगत होते. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. ते आधी गाव झाडून काढत आणि मग बोलत. आपण थेट बोलायला लागतो, तिथेच आपला पहिला मार्क जातो.

वेळही नीट निवडा. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि प्रवेशाचे दिवस येतात ते मिरगाच्या तोंडावर. नेमकं त्याच वेळी अख्खं गाव पेरणीवर. घरी भेटते ती आजी, आणि ती तुम्हाला विम्याचा माणूस समजते. तेव्हा धुऱ्यावर जायला शिका. तिथेही तिफण चालू असताना हाक मारू नका. तास संपू द्या. (इथे तास म्हणजे तिफणीचा.) बियाण्याची पिशवी उचलायला हात लावलात तर संवाद सोपा होतो. यंदा सोयाबीन पेरता की तूर, एवढं विचारा, भावाबद्दल मात्र काही बोलू नका. तो विषय निघाला की प्रवेश राहतो बाजूला.

नवखा माणूस इथे चूक करतो ती अशी. तो नॅकची श्रेणी सांगतो, ग्रंथालयातली पुस्तकं सांगतो, संगणक किती ते सांगतो. बाप सगळं ऐकून घेतो, टोपी सारखी करतो आणि विचारतो:

“पोरगी घरी कितीले येईन?”

प्रवेशाचा हा एकच प्रश्न आहे, बाकीचे तोंडी लावायला. बारावीपर्यंत तिला मानव विकासची निळी बस होती, पास फुकट होता. बारावी झाली की निळी बस तिची राहत नाही. शाळेतून कॉलेजात जाताना अभ्यासक्रम बदलतो तो नंतर, आधी गाडी बदलते. म्हणून तुमच्या खिशात माहितीपत्रकाआधी एसटीच्या वेळा हव्यात. महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून लागू आहे, हे बापाला माहीत असतं. पण विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा, हे त्याला बोटावर मोजून दाखवा. मग शेवटची मुक्कामी गाडी कितीची, आणि नाल्याला पूर आला तर ती कुठल्या फाट्यापर्यंत येते, हे सांगा. ही दुसरी गोष्ट कुठल्याही फळ्यावर लिहिलेली नसते. चालकाला चहा पाजून विचारून ठेवा. मी एकदा साडेपाचची गाडी सांगितली, ती पावणेपाचची निघाली, आणि त्या गावातून पुढची दोन वर्षं एकही मुलगी आली नाही. आजही तिथला सरपंच मला ‘साडेपाच सर’ म्हणतो.

मुलांचं वेगळं. त्यांना पोलीस भरती करायची असते आणि डिग्री जोडीला हवी असते. ते ग्रंथालय विचारत नाहीत, ‘सर, ग्राऊंड हाय का?’ विचारतात, कारण सोळाशे मीटर पळायचे असतात. ग्राऊंड असेल तर फोटो मोबाईलमध्ये ठेवा, गवत कापल्यानंतरचा. ज्याला रोज यायचंच नाही तो नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे वळतो. ते १९८९ पासून अशांसाठीच उघडं आहे. त्याच्याशी वाद घालू नका. सप्टेंबरात तोच तुमच्याकडे नोट्स मागायला येईल.

अभ्यासक्रम समजावणे

२०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण कॉलेजात आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आयकेएस, व्हीएससी, एसईसी, सीसी आणि क्रेडिट. हे सगळं आईला सांगून झालं की ती विचारते, “म्हणजे बी.ए. होते न यातून?” ‘हो’ म्हणा आणि थांबा.

एका वर्षानंतर बाहेर पडलं तरी प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. मध्ये बाहेर पडा, पुन्हा आत या. दिल्लीत हे मोठं नवल म्हणून जाहीर झालं. आमच्याकडे ही सोय जुनी आहे. मुलं सोयाबीन सोंगणीला बाहेर पडतात, दिवाळीनंतर आत येतात, तुरीला पुन्हा बाहेर पडतात. फरक एवढाच की तेव्हा क्रेडिट मिळत नाहीत, मजुरी मिळते.

२०२४ च्या जुलैत मुलींना मोफत उच्च शिक्षणाचा निर्णय झाला, त्याबद्दल हमखास विचारतील. ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. न सांगता प्रवेश घेतलात तर बाप पावती घेऊन कार्यालयात येतो आणि तुमचं नाव घेऊन विचारतो.

विद्यार्थी सहाय्य

प्रवेश झाला. आता टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आधार, पासबुक, एबीसी आयडी. ही कागदपत्रं एकाच मुलाची असतात, पण त्यावरची नावं तशी नसतात. पूजा नावाच्या मुली आल्या की पंखा चालू करा, वेळ लागणार आहे. टीसीवर ती मराठीत पूजा, मार्कशीटवर इंग्रजीत दोन ‘ओ’ असलेली, आधारवर एक ‘यू’ असलेली आणि बँकेत आडनाव आधी. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो, आणि संगणकाच्या लेखी या चार वेगळ्या मुली आहेत. ओटीपी पाचव्याच माणसाच्या मोबाईलवर जातो.

एक प्रसंग नीट वाचून ठेवा, दरवर्षी उपयोगी पडेल. एक मुलगी आली, म्हणाली, “सर, सगळ्यायची स्कॉलरशिप आली, माहीच नाही आली.” पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं दिसत होतं. पासबुक छापून आणलेलं, त्यात काही नाही. ती रडवेली, भाऊ तावात, कार्यालयातले बाबू छताकडे बघताहेत. मी विचारलं, “गावात कधी कॅम्प झाला होता का? अंगठा कुठे दिला होता?” बराच वेळ नाही नाही झालं. मग भावाला आठवलं, अकरावीत असताना शाळेत पोस्टाची बाई आली होती, अंगठा घेऊन खातं काढून गेली होती. तिथेच होते पैसे. अर्जात तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहा, थेट लाभाची रक्कम जाते ती आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात. त्या खात्याचं क्यूआर कोडवालं कार्ड आईनं देव्हाऱ्यामागे जपून ठेवलं होतं. पीक विम्याचं असेल असं वाटून रोज त्याला उदबत्तीही लागत होती.

तेव्हा ‘पैसे आले नाहीत’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न खात्याचा नको, अंगठ्याचा हवा.

बाकीचं सहाय्य म्हणजे समुपदेशन. कॉलेजात त्याची खोली असते, तिच्या दारावर पाटीही असते, आणि आत क्रीडा विभागाची नेट ठेवलेली असते. खरं समुपदेशन स्टँडवर गाडीची वाट बघताना होतं. एप्रिलमध्ये ज्या मुली अचानक नीट अभ्यास करू लागतात त्यांची सोयरीक जमलेली असते. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्या आधी लग्नाची तिथी पेपराच्या दिवशी येते का ते बघतात. अशा वेळी मुलीशी बोलून फार उपयोग होत नाही. मामाशी बोला. तिथी मामा काढून आणतो.

सूचना कशी पोहोचते

कॉलेजच्या प्रवेशद्वाराशी काचेचा सूचना फलक असतो. त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे शोधण्यात पहिलं सत्र घालवू नका. सूचना व्हॉट्सअॅपवर टाका. ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की’ अशी सुरुवात करा, नाहीतर खरी वाटत नाही.

आता ती जाते कुठे, हे समजून घ्या. ग्रुपमध्ये एकशे चाळीस नंबर असतात, पण ते मुलींचे नसतात. प्रवेश अर्जावर घरातला एक नंबर लिहायचा असतो, तो लिहिलेला असतो भावाचा, आणि भाऊ चाकणला कंपनीत. त्यामुळे ‘उद्या सकाळी अकरा वाजता प्रात्यक्षिक वह्या जमा कराव्यात’ ही सूचना प्रथम चाकणच्या शिफ्टमध्ये वाचली जाते. शिफ्ट सुटल्यावर भाऊ घरी फोन लावतो, फोन बाप उचलतो, बाप शेतात असतो, आणि रात्री जेवताना मुलीला समजतं की कॉलेजात काहीतरी जमा करायचं आहे. दुसऱ्या दिवशी ती आधार कार्डाच्या चार झेरॉक्स घेऊन येते. तिच्यावर रागावू नका. निरोप फोडून, दळून, परत मळून तिच्यापर्यंत आला आहे.

यावर मी एक उपाय करतो. सूचना टाकली की तिचीच एक प्रत स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन देतो. तो ती दुकानाच्या फळीला सेलोटेपनं लावतो. कॉलेजात न येणारी मुलंही तिथे येतात, कारण फॉर्म तोच भरतो, फोटो तोच काढतो, पासाचा अर्ज तोच देतो, आणि कुठल्या कागदावर कुणाची सही लागते हे त्याला कार्यालयापेक्षा आधी माहीत असतं. जिल्ह्यात बाहेरून आलेल्या प्राध्यापकांना हे कमीपणाचं वाटतं. एक सत्र काढलं की वाटेनासं होतं.

गेल्या हिवाळी परीक्षेच्या वेळची गोष्ट. परीक्षा अर्जाची अंतिम तारीख चौदा होती, त्यानंतर विलंब शुल्क. मी सूचना घेऊन गेलो. त्यानं चष्मा वर करून कागद वाचला, सेलोटेप तोडला, आणि लावता लावता म्हणाला, “सर, चौदा कायले लिहिता? एकवीस होईन. पोट्टे सोंगणीले गेले अजून.”

मी म्हटलं, परिपत्रकात चौदाच आहे. तो काही बोलला नाही. पेन काढून माझ्या चौदाखाली बारीक अक्षरात ‘बहुतेक २१’ लिहिलं.

तेराला संध्याकाळी मुदतवाढीचं पत्र आलं. मी ते ग्रुपवर टाकायच्या आत चाकणहून एका भावाचा फोन आला: सर, एकवीसच न?