आपण आज बाहेर केली

बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला मराठी माणूस पहिलं वर्ष फायली लावण्यात घालवतो, दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या कमिटीवर जातो, तिथे भांडतो, आणि मग मुलगा त्याला पिल्लू आणून देतो. मुलगा स्वतः बंगळुरूला असतो. पिल्लाचं कागदोपत्री नाव ब्रूनो. काकू त्याला बाळ्या म्हणतात, आणि ते बाळ्या म्हटल्यावरच येतं.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले काका याच जातीचे. पिल्लू घरात आलं त्या संध्याकाळीच त्यांनी लांब वही काढून पट्टीने रकाने आखले : तारीख, वेळ, स्थळ, एक नंबर की दोन नंबर, शेरा. नोंद काकूंनी केली असेल तर खाली काकांची प्रतिस्वाक्षरी लागते. स्थळाच्या रकान्यात 'सोफ्याचा डावा पाय', 'देवघरासमोर, थोडक्यात वाचलो' अशा नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत, कारण काका ती वही पाहुण्यांना दाखवतात. चहाच्या आधी.

"जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवा. साधारण तेवढे तास ते धरून ठेवतं. आपला दोन महिन्यांचा, म्हणजे तीन तास. ही मुदत ठेवच समजा. मुदतीआधी मोडते कधी? झोपून उठला की, जेवला की, आणि खेळ रंगात आला की." रात्री एकला गजर, चारला गजर. दोन्ही वेळा काका त्याला काखोटीला मारून गॅलरीत. पार्व्होच्या लसीचे डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर उतरवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलेलं. पण पेपर वाचून झालेलाच हवा, हा काकांचा नियम.

एकदा कुणीतरी 'करेल तिथे नाक घासा' असा पिढीजात सल्ला दिला. काका खुर्चीतून उठलेच. "अहो, दहा मिनिटांनी ओरडलात तर त्याला एवढंच कळतं, की हा माणूस अधूनमधून पिसाळतो. तो करायचा थांबत नाही, तुमच्यासमोर करायचा थांबतो. मग सोफ्यामागे जाऊन करतो. त्यापेक्षा योग्य जागी केली की तिथल्या तिथे खाऊ द्या. तिथल्या तिथे! स्वयंपाकघरात येऊन दिलात, तर स्वयंपाकघरात आल्याबद्दल मिळाला असं समजतो."

घरातलं फिनेल बंद झालं. त्याने वास आपल्या नाकापुरता झाकला जातो, बाळ्याच्या नाकाला लागतोच, आणि वास लागला की तीच जागा पक्की. त्यामुळे एन्झाइमवालं महागडं द्रावण आलं. कामाच्या मावशींना हे मान्य नाही. काका आंघोळीला गेले की त्या गुपचूप फिनेल मारतात. दाराला एक घंटाही लागली, बाहेर जायचं असेल तर बाळ्याने पंजाने वाजवायची. "पावलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते घंटेसाठी नव्हे, पचनक्रियेच्या कामासाठी. म्हणजे विषय आपलाच!" बाळ्या घंटा दोन दिवसांत शिकला. आता कबुतर दिसलं तरी वाजवतो, आणि काका चपला घालतात.

काकू हे सगळं भाजी निवडता निवडता बघतात. "दोन मुलं झाली. दुपटी वाळत घालून दोऱ्या तुटल्या. यांनी एकदा लंगोट बदलला असेल तर शपथ. धाकटा मांडीवर सुरू झाला की हे त्याला तसाच हवेत धरून ओरडायचे, 'अगं, हा बघ काय करतोय!' तो काय करतोय ते चाळीला दिसत होतं." काका ऐकत नाहीत. ते आदल्या दिवसाची बेरीज करत असतात. रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. 'बाबा, कसे आहात?'

"उत्तम. आज आपण चारदा बाहेर केली."

पलीकडे जरा वेळ शांतता. "बाबा, तुम्ही की ब्रूनो?"

लसी पूर्ण झाल्यावर पहाटे सोसायटीच्या भिंतीशी काका दिसू लागले. कानटोपी, एका हातात पट्टा, दुसऱ्यात खाऊची पुडी, तोंडाने 'श्शू, श्शू'. वॉचमन अदबीने दुसरीकडे बघतो. बाळ्या प्रत्येक पान हुंगतो, प्रत्येक स्कूटरची चौकशी करतो. काम झालं की काका "शाब्बास रे पठ्ठ्या!" असं ओरडतात की दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागतो.

मग गॅलरीतले कागद निघाले. पण इतके दिवस पायाखाली कागद आला की करायची, हे बाळ्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. काका आरामखुर्चीत पेपर वाचतात, वाचून झालेलं पान खाली टाकतात, आणि बाळ्या शिस्तीत येऊन त्यावर बसतो. काका वही घेऊन अडले आहेत. कागदावर केली, म्हणजे जागेवर. पण दिवाणखान्यात केली, म्हणजे घरात. नोंद कुठे धरायची?

"अहो," काकू म्हणतात, "आधी पुसा."