माझी तीन कार्डं आणि तुमचा हिरकणी कक्ष

मॅनेजर साहेब,

तुमचं नाव लिहीत नाही. भिवंडीत माणकोली नाक्यापासून वडप्यापर्यंतच्या गोदामांतल्या कितीतरी बायकांना हे पत्र आपल्याच साहेबाला लिहिलंय असं वाटेल. वाटू दे.

८ मार्चला तुम्ही आम्हाला एकेक गुलाब दिलात आणि नारीशक्तीच्या बॅनरखाली फोटो काढलात. त्या फोटोत मागे एक दार दिसतं, वर पाटी आहे : 'हिरकणी कक्ष', म्हणजे बाळाला दूध पाजायची खोली. ते दार मी उघडून पाहिलंय. आत बबल रॅपचे रोल, टेपचे खोके आणि चाक निखळलेली ट्रॉली. बसायला जागा नाही, आतून कडी नाही. माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. दुपारी बाराच्या सुमाराला छाती दगडासारखी होते. मग मी बाथरूममध्ये जाते, नळ सोडते आणि दूध पिळून टाकते. ओढणी ओली होते, ती ॲप्रनखाली दाबून परत लाइनवर उभी राहते. बाळ काल्हेरला सासूबाईंकडे, आणि तुमच्या गेटमधून बाहेर पडायला पास लागतो. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून जी हिरकणी बाळासाठी कडा उतरली, तिचं नाव त्या दारावर ठोकताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही?

कायदा तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असं २०१७ ला बाळंतपणाच्या लाभाच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीपासून आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन वेळा सुट्टी, हे तर त्याच्याही आधीपासून आहे. आपल्या एका पाळीत किती माणसं गेटवर बोट लावतात, ते मशीनला विचारा.

आता कार्डांचं. माझ्या घरी स्टीलच्या डब्यात तुमच्या गोदामाची तीन ओळखपत्रं आहेत. पहिलं २०१८ चं. मुलीच्या वेळी सातवा महिना लागला तसा ठेकेदार म्हणाला, "ताई, आता घरी बसा, बाळंतपण उरकलं की बघू." परत आले तर नवा फॉर्म, नवा नंबर, पगार पहिल्या दिवसाचा. मुलाच्या वेळी पुन्हा तेच. तेच गोदाम, तीच पॅकिंगची लाइन, आणि दर बाळंतपणाला मी नवी भरती. ज्या पोराला मी स्कॅनर कसा धरायचा ते शिकवलं, तो आज फ्लोअर सुपरवायझर आहे. त्याच्यावर माझा राग नाही, पोरगा कामाचा आहे. त्यालाही दोन मुलं झाली. पण बाप झाला म्हणून त्याचा कार्ड नंबर बदलला नाही.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? माझ्या पगारातून दर महिन्याला ईएसआय कापला जातो. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचे पैसे विमा महामंडळ देतं. म्हणजे तुमच्या तिजोरीतून दमडी जाणार नव्हती. फक्त माझी जागा धरून ठेवायची होती आणि कुठला अर्ज भरायचा ते सांगायचं होतं. तेवढंही तुम्ही केलं नाहीत.

"तो ठेकेदाराचा विषय आहे," हे तुमचं पाठ झालेलं उत्तर. दिल्ली महापालिकेनेही रोजंदारीवरच्या बायकांना, त्या कायम नाहीत म्हणून, बाळंतपणाची रजा नाकारली होती. सुप्रीम कोर्टाने २००० सालीच ते मोडून काढलं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. १९२९ ला कायदा झाला, कारखान्यातल्या बायकांसाठी. भिवंडी तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात होती. माझ्या पणजीच्या काळात जे ठरलं, ते अजून तुमच्या गेटच्या आत आलेलं नाही.

पुढच्या महिन्यात लाइन लीडरच्या दोन जागा भरणार आहात. मी अर्ज दिलाय. अनुभवाच्या रकान्यात २०१८ पासून असं लिहिलंय आणि तिन्ही कार्डांची झेरॉक्स जोडली आहे. "तुमची सर्व्हिस आठ महिन्यांचीही नाही," असं ऑफिसातून कुणी तोंडी सांगू नका. तुम्ही सांगा, लेखी सांगा, खाली सही करा.

आणि ते बबल रॅपचे रोल आजच बाहेर काढा. लाइनवर आणखी दोघी आहेत. एकीला सहावा लागलाय.

तुमच्या गोदामातली,
तीन नंबरांची एक बाई