पायदानकर

रात्री अकरानंतर टोकावड्याच्या नाक्यावर चहा पिताना कोणी अंधारातून "पहिलं कोणतं?" असं विचारलं, तर दचकू नका. तुमचं पहिलं मूल किंवा पहिली नोकरी त्याला विचारायची नसते. रात्री ऐकायच्या गाण्यांत तुमच्या मते पहिला नंबर कुणाचा, एवढंच त्याला हवं असतं. काहीही सांगा आणि चहा संपवा. तुमचं उत्तर चुकलेलं आहे हे त्याने तुम्ही एसटीतून उतरतानाच ठरवलेलं असतं.

कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या या रस्त्यावर गावागणिक एखादा तरी पायदानकर असावा असा माझा संशय आहे. आमच्या पायदानकराचं खरं आडनाव फक्त सातबाऱ्यावर उरलंय. दीड एकर भात, एक म्हैस आणि खिशात दोन पेनं. निळं गाणी लिहायला, लाल खोडायला. लाल आधी संपतं.

चौथीपर्यंत आम्ही दोघं एका पाटीवर शिकलो. पुढे मी शाळेत लागलो म्हणून तो मला गुरुजी म्हणतो, आणि एका पाटीवरचा म्हणून अरे-तुरेही करतो. त्याचं माझ्याकडे काम एकच. शंभर पानी वही पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "गुरुजी, एवढी बेरीज बघ." वहीत प्रत्येक गाण्याला शंभरपैकी गुण असतात. चालीला तीस, आवाजाला पंचवीस, शब्दांना पंधरा आणि उरलेले तीस 'रातपणा'ला.

"शब्दांना पंधराच?" मी एकदा विचारलं.

"रात्री शब्द कोण ऐकतं रं? शब्द दिवसा."

आणि रातपण म्हणजे काय? हे त्याने मला बांधावर उभं राहून समजावलं. भातात जशी हळवी, निमगरवी आणि गरवी वाणं असतात, तशीच ती गाण्यांतही असतात. हळवं भात लवकर तयार होतं, दसऱ्याच्या आसपास कापून मोकळं. हळवं गाणं तसंच. नऊ वाजता ऐकलं की डोळ्यांत पाणी, साडेनऊला विसरून जेवायला बसलो. निमगरवं दहा-साडेदहापर्यंत पुरतं. गरव्याला मात्र वेळ लागतो. ते दिवसा ऐकलं तर कच्चं लागतं, दाताखाली येतं. बारा वाजून गेले, कुत्री गप्प झाली, घाटाकडून वारा आला की त्याचा दाणा भरतो. मराठीत संगीतावर बरंच लिहिलं गेलंय, पण एवढं कामाचं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही. त्याला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही त्याने वहीत लिहून त्याला नंबर दिला असता.

या व्याधीचं मूळ पाटलांच्या ओटीवर आहे. आमच्या लहानपणी वाडीत रेडिओ एक, तो तिथला. बुधवारी रात्री आठ वाजता सगळं पोरगळ तिथे जमायचं. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागायची. ती 3 डिसेंबर 1952 ला सुरू झाली, आमच्या जन्माच्याही आधी. आकाशवाणीने तेव्हा सिनेमाची गाणी जवळजवळ दाराबाहेर ठेवली होती, म्हणून अख्खा हिंदुस्थान गाण्यांसाठी सिलोनकडे कान लावून बसे. बाकीची पोरं गाणी ऐकायची. हा मात्र पायदान ऐकायचा. अमुक गाणं दोन पायऱ्या चढलं, तमुक तीन घसरलं, हे ऐकून त्याच्या अंगावर काटा यायचा. सरताज गीताचा बिगुल वाजला की हा ओटीवर ताठ उभा. झेंडावंदनाला कधी एवढा ताठ नसे.

मोठेपणी त्याला गीतमालेतली एक त्रुटी सापडली. "अमीनभाईंनी सगळं केलं, पण नंबर लावला तो आठ ते नऊच्या गाण्यांचा. रात्रीचा नंबर राहूनच गेला." राहिलेलं ते काम या इसमाने अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. अशी कामं कोणी सांगत नसतं.

रात्री गाणं वेगळं लागतं, याला तो विज्ञानाचा पुरावाही देतो आणि तो पुरावा खरा आहे. दिवसा सूर्यामुळे वर आकाशात एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्ह गिळून टाकतो. रात्री तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावर आपटून दूरवर परततात. म्हणून मागे सह्याद्रीची भिंत असूनही आमच्या खोलगट गावात दिवसा खरखरणारा ट्रान्झिस्टर रात्री कुठकुठली स्टेशनं पकडायचा. विविध भारतीचं 'छायागीत' संपलं की हा सुई एकेक केस हलवत बसे. "वरचा थर उघडला," असं म्हणे, जणू वर कोणी पाटाचं पाणी सोडलंय.

नियम तर विचारू नका. अकरानंतर ढोलकी बाद. पहाटेचा उल्लेख असलेलं गाणं बाद, कारण "आधीच उठवू नये." एकदा मी आपलं भोळेपणाने अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचं 'शुक्रतारा' सुचवलं. पाडगांवकरांचे शब्द, खळ्यांची चाल, कोण नाही म्हणेल? पायदानकराने लाल पेन काढलं. "शुक्र मध्यरात्री दिसतो का कधी? तो संध्याकाळी नाहीतर पहाटे. हे साडेसातचं गाणं हाय." खगोलशास्त्राच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

भुताच्या गाण्यांचा विभाग निराळा. 1949 च्या 'महल'मधलं लताबाईंचं गाणं त्याला प्राणापलीकडे प्रिय. त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव नव्हतंच, सिनेमातल्या पात्राचं 'कामिनी' हे नाव छापलं होतं. "गाणारी कोण हेच ठाऊक नाय, म्हणजे रातपण बघ किती!" तीसपैकी एकोणतीस. पण अमावास्येला हे गाणं यादीतून आपोआप उतरतं, कारण नाक्यावरून घरी जाताना वाटेत स्मशान लागतं. पौर्णिमेला परत चढतं. त्याच्या यादीला भरती-ओहोटी आहे ती अशी.

नाक्यावर मध्यरात्री ओतूर-जुन्नरकडून टोमॅटो, कोथिंबीर भरलेले पिकअप घाट उतरून कल्याणच्या बाजाराला जाताना थांबतात. आमच्या जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात तिथल्या दगडी रांजणात जकात गोळा व्हायची असं म्हणतात. माळशेजची जकात पायदानकर गोळा करतो. एका चहामागे एक गाणं. द्या, त्याशिवाय गाडीपुढून हलत नाही. ड्रायव्हर लोक त्याला दबून असतात, पण एकाने त्याला चांगलंच अडवलं होतं. पायदानकराने मोबाइलवर मुकेशचं अतिदुःखी, पूर्ण गरवं असं गाणं लावलं. तो ड्रायव्हर स्टेअरिंगवर हनुवटी टेकवून म्हणाला, "राव, भारी आहे. पण हे लावून निघालो तर सरळगावच्या आत डोळा लागंल. तुमचा एक नंबर मला खड्ड्यात घालील."

पायदानकर दोन रात्री गप्प होता. तिसऱ्या रात्री वहीत नवा रकाना पडला. बसून ऐकायची आणि चालवून ऐकायची. त्यातही घाट चढायची निराळी, उतरायची निराळी. चढताना धुक्यात लांबलचक आलाप नको, पुढे वळण आहे की सम आहे ते कळत नाही. बेरीज माझ्याकडे.

त्याला खरं आव्हान दिलं ते भजनाच्या बुवांनी. सप्त्यात जागराच्या रात्री पायदानकर वही घेऊन मंडपात बसला आणि अभंगांना गुण द्यायला लागला. बुवांनी दोन अभंगांच्या मध्ये पखवाजवाल्याला हाताने थांबवलं. "बाबा, आमच्यात नंबर नसतो. आमच्यात क्रम असतो. आधी रूपाचा अभंग, रात्र चढली की गौळण, उठायच्या आधी भैरवी. शेकडो वर्षं हाच. यात पहिला कोण ते तू सांग."

मला वाटलं, संपलं. आता वही चुलीत जाणार. पण पायदानकर घरी गेला, विचार केला आणि सकाळी माझ्या दारात, तोंड उजळलेलं. "गुरुजी, अमीनभाई गीतमाला कुठून सुरू करायचे? खालच्या पायदानावरून. एक नंबर शेवटी. म्हणजे भैरवी! बुवा पण गीतमालाच करतो, फक्त त्याला ठाऊक नाय." बुवांना हे कळवण्याची जबाबदारी माझ्यावर होती. मी अजून कळवलेलं नाही.

20 फेब्रुवारी 2024 ला अमीन सायानी गेले. मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, रात्री आठ वाजता हा नाक्यावर येऊन बसला. मोबाइल बंद, वही बंद. नऊ वाजता उठला. त्या रात्री जकात न भरता किती पिकअप गेले कोण जाणे.

दरवर्षी कोजागरीला वार्षिक निकाल. गेल्या वेळी तो माळ्यावर लागला, कारण गरवं भात शेतात उभं होतं आणि रानडुकरांचा उपद्रव वाढला होता. राखण आणि निकाल एकाच खर्चात. पायदानकरीण वहिनींनी मसाला दूध पाठवलं होतं. बुवा होते, ओतूरचा तो ड्रायव्हर गाडी बाजूला लावून आला होता, आणि बेरजेची खात्री द्यायला मी. खालून वर एकेक गाणं लागत गेलं. चांदणं एवढं की लोंबी मोजता यावी. दोन वेळा ऐन अंतऱ्यात कर्जाची जाहिरात ओरडली, तेव्हा बुवांनी राम म्हटलं.

साडेबाराला पहिला नंबर. 1952 चा 'बैजू बावरा', नौशादची चाल, रफींचं भजन, राग मालकंस. मालकंस रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा, आणि तो नीट लागला की जिन्न ऐकायला येतात अशी जुन्या गवयांची समजूत. आमच्याकडे बांधापलीकडे सळसळ झाली. मग कडकड. मी डब्याला हात घातला.

"वाजवू नको," पायदानकर दबक्या आवाजात म्हणाला. "अंतरा चाललाय."

"अरे, भात चाललंय!"

"अंतरा होऊ दे."

अंतरा झाला. मग दुसरा झाला. ड्रायव्हर माळ्याच्या कडेवर ओणवा होऊन बघत होता. चांगली सात-आठ होती, एक मोठं सुळेवालं. खाता खाता ते मोठं मध्येच थांबलं आणि मान वर करून उभं राहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते ऐकत होतं की आमचा वास घेत होतं, यावर बुवांचं आणि पायदानकराचं अजून पटलेलं नाही.

सकाळी दोन गुंठे भात आडवं. वहिनी बांधावर उभ्या राहून काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या रात्री त्यांनी स्पीकर स्वतः माळ्यावर नेला आणि पोराच्या मोबाइलमधलं हळदीचं डीजेवालं गाणं पहाटे तीनपर्यंत फिरवून फिरवून लावलं. दहानंतर लाउडस्पीकर लावायचा नाही हा कायदा आहे खरा, पण तक्रार करायला शेतात डुकरांशिवाय कोणी नव्हतं, आणि ती तर फिरकलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पायदानकर नाक्यावर भेटला. झोप नाही, डोळे लाल. हळदीच्या गाण्याची नोंद झाली होती. चाल चार, आवाज सहा, शब्द शून्य, रातपण शून्य. शेरा : 'राखणीस उत्तम.' मग त्याने पान उलटलं. 'बैजू बावरा'समोरच्या रातपणाच्या रकान्यात सत्तावीस होते, ते लाल पेनाने खोडून निळ्याने तीस केले होते.

"तीसपैकी तीस?" मी म्हटलं. "आजवर कुणाला दिले नाहीस."

"डुकराने खाणं थांबवलं होतं, गुरुजी. तू बघितलंस." त्याने वही माझ्यापुढे सरकवली. "एवढी बेरीज बघ."