बहार बघणारे जावईबापू

लग्नाआधी या माणसाने कुंडीतल्या तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. लेकरू झालं आणि त्याला एकदम वसंत ऋतू कळायला लागला. जालन्यात, जिथे गॅलरीतून सळयांच्या कारखान्याचा धूर दिसतो, अशा कुठल्याही कॉलनीत हा बाप हमखास भेटतो. रात्री लेकराला खांद्यावर टाकून तो मोबाइलवर जपान बघतो. तिकडे चेरी फुलली की लोक लेकराबाळांसकट झाडाखाली पथारी टाकून बसतात, त्याला हानामी म्हणतात, हे बायकोला, आईला आणि दूधवाल्यालाही सांगून झालेलं असतं.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण खरी, पण पाळण्यातल्या लेकराला इथं चेरी कुठून दाखवायची? मग याला सासुरवाडी आठवते. अंबड तालुक्यात सासऱ्यांची मोसंबीची बाग आहे आणि फेब्रुवारीत आंबे बहार फुटलाय.

सकाळी सातला निघायचं ठरतं, गाडी साडेदहाला हलते. लेकरू सात महिन्यांचं, सामान सात माणसांचं. थर्मास, डायपर, दुपटी, मच्छरदाणी, नाचणीसत्त्वाचा डबा. आजी तीट लावते, पुसते, पुन्हा मोठी लावते. फोटोत तीट नको, असं बाप एकदाच म्हणून बघतो.

बागेत शिरताच वासाने डोकं भणभणतं. हिरव्यागार पानांत पांढरी फुलं, मधमाश्यांचा नुसता गुंजारव. मामा (सासऱ्यांना तो मामाच म्हणतो) मागे उभे. डिसेंबरात पाणी तोडून त्यांनी झाडांना ताण दिलेला, पानं पिवळी पडेस्तोवर जीव मुठीत धरलेला, जानेवारीत पाणी सोडलं तेव्हा कुठं ही कळी निघालीय. माल हाती यायचा तो दिवाळीच्या सुमाराला. मधल्या काळात सगळा घोर एकच, फुलगळ.

आणि जावईबापूंना नेमकी फुलगळच हवी असते. जपानात पाकळ्यांचा पाऊस पडतो ना! लेकराला झाडाखाली दुपट्यावर बसवून, मोबाइल बायकोच्या हाती देऊन ते फांदी धरतात आणि गदगदा हलवतात. मामा खोकतात. दुसऱ्या फांदीला मोठ्याने खोकतात. गडी असता तर आतापर्यंत बांधापलीकडे गेला असता, पण जावयाला कसं बोलणार? शेवटी ते एवढंच म्हणतात, “जावईबापू, चहा झालाय.”

“एक मिनिट, मामा. रिटेक.”

लेकराचं फुलांकडे लक्षच नसतं. त्याला ठिबकची काळी नळी सापडलेली असते आणि ते तल्लीन होऊन ती चघळत असतं. आजी किंचाळते. त्यानंतरचा अर्धा तास तोंड धुण्यात जातो.

परतीच्या वाटेवर बाप पुढचा बेत मांडतो. शिलाँगला म्हणे नोव्हेंबरात चेरी फुलते. मागच्या सीटवरून बायको म्हणते, “नोव्हेंबरात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आहे.” तो म्हणतो, “मग डोस देऊन निघू.”

रात्री फोटो स्टेटसला पडतात. पांढऱ्या फुलांत मजा नाही म्हणून त्याने फिल्टर लावून अख्खी बाग गुलाबी केलेली असते. सकाळी सहाला मामांचा फोन.

“जावईबापू, फोटो बघितला. फुलं अशी गुलाबी कशानं पडली हो? मी पंप भरून ठेवलाय, तेवढं औषध कोणतं मारायचं ते विचारून सांगता का कुणाला?”