राखीव गडी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. कुणाला कपाशीचं बियाणं हवं असतं, कुणाला सोयाबीनचं, आणि ज्याची पेरणी उलटली त्याला दोन्ही उधारीवर हवं असतं. अशा गर्दीत मालक काउंटरमागे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला दिसला, तर तो पावसाचा अंदाज पाहतोय असा गैरसमज करून घेऊ नका. तो अमेरिकेतल्या एनबीएचा ड्राफ्ट पाहतोय. तिकडे रात्र, इकडे सकाळ. बास्केटबॉलच्या साठेक पोरांची नावं एकामागून एक पुकारली जातात, आणि आमच्या भाऊंना त्यातली पहिली तीस ऐकूच येत नाहीत.

"भाऊ, तणनाशक पायजे होतं."

"थांब ना बे! दुसरा राउंड सुरू होऊन रायला."

असे भाऊ यवतमाळात एक आहेत, पुसदला एक आहेत आणि वणीला दोन आहेत म्हणतात, पण त्या दोघांचं आपसात बोलणं नाही. कॉलेजात हे लोक बास्केटबॉल खेळलेले असतात. उंची बेताची, म्हणून गार्ड. पुढे गुडघा गेला, दुकान आलं, पोट आलं. गार्डची नजर तेवढी शाबूत राहिली, ती आता उधारीवाला चौकात वळायच्या आत त्याला ओळखण्याच्या कामी येते.

पहिल्या फेरीतल्या पोरांचं भाऊंना सोयरसुतक नसतं. त्यांचा पगार कोष्टकात ठरलेला, फोटो छापून आलेले, आणि मुख्य म्हणजे ती लगेच खेळायला येतात. येणाऱ्या माणसात भाऊंना रस नाही. त्यांचा जीव जडतो दुसऱ्या फेरीत निवडलेल्या परदेशी पोरावर. संघ त्याचं नाव पुकारतो आणि त्याला तिथंच सोडतो. पोरगा स्पेनमध्ये, सर्बियात, तुर्कस्तानात खेळत राहतो. पगार तिथला क्लब देतो, मालिश तिथला क्लब करतो, हक्क मात्र अमेरिकेतल्या संघाचा. एनबीएतल्या दुसऱ्या कुणी त्याच्याकडे डोळा वर करून पाहायचं नाही. याला तिकडे 'ड्राफ्ट अँड स्टॅश' म्हणतात, भाऊ 'राखीव गडी' म्हणतात. ज्या जिल्ह्याच्या शकुंतला रेल्वेचे रूळ एका खासगी कंपनीचे आणि गाडी हाकणार सरकारी रेल्वे, असा कारभार पिढ्यानपिढ्या चालला, त्या जिल्ह्यातल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

मग दर उन्हाळ्यात तोच प्रश्न येतो. गार्डची जागा मोकळी आहे, राखीव गडी तिकडे बरा खेळतोय, तर आता त्याला करार करून आणायचा की नाही? या प्रश्नावर दत्त चौकातल्या चहावर भाऊ दोन्ही बाजूंनी बोलतात, आणि दोन्ही बाजूंनी जिंकतात.

आणावा, या बाजूचा पुरावा म्हणजे मानू जिनोबिली. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये अठ्ठावन्न नावं पुकारली गेली, त्यात हा अर्जेंटिनाचा गार्ड सत्तावन्नावा. सॅन अँटोनिओने त्याला इटलीतच राहू दिला, २००२ मध्ये आणला, आणि त्याच्यासकट चार विजेतेपदं घेतली. दुसरा पुरावा निकोला योकिच. तो गार्ड नव्हे, पण भाऊ अशा बारीकसारीक गोष्टींवर अडत नाहीत. २०१४ मध्ये एक्केचाळिसावा. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर टॅको बेल नावाच्या खाद्यपदार्थांच्या दुकानाची जाहिरात चालू होती, नाव खालच्या पट्टीत येऊन गेलं. डेन्व्हरने त्याला आणखी एक वर्ष सर्बियात ठेवून आणला. पुढे तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये डेन्व्हर अजिंक्य झालं. "जाहिरातीत निंगालेला पोट्टा, राजेहो!" असं म्हणताना भाऊंचा आवाज भरून येतो. त्यांच्या दुकानाची जाहिरात केबलवर लागते, तीही कुणी पाहत नाही.

आणू नये, या बाजूला पुरावे जास्त, आणि भाऊंचं मन त्याच बाजूला. बार्सिलोनाचा नवारो २००७ मध्ये मेम्फिसला आला तो तिथं पाऊ गासोल हा मित्र होता म्हणून. मोसमाच्या मध्यातच मेम्फिसने मित्राला लॉस एंजेलिसला पाठवून दिलं. नवारो मोसम संपवून घरी गेला. सर्बियाचा मिचिच २०१४ मध्ये बावन्नावा निवडला गेला. त्याने तुर्कस्तानच्या क्लबाकडून युरोलीग लागोपाठ दोनदा जिंकली, आणि एनबीएत आला तो २०२३ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी. दोन मोसम इकडून तिकडे फिरला आणि २०२५ मध्ये युरोलीगमध्ये परतला. स्पेनच्या फ्रान वाझकेझला तर ऑर्लँडोने २००५ मध्ये चक्क पहिल्या फेरीत, अकरावा निवडला होता. तो आलाच नाही.

मला या यादीत एक साधी गोष्ट दिसते. जिनोबिली पंचविशीत आला, योकिच त्याहून लहान. जो हात मोकळे असताना येतो तो नव्या संघाचा होतो. तिशीला टेकलेला गार्ड दुसऱ्याच्या तालमीत घडून, तिथला राजा होऊन येतो, आणि इथं बाकावर बसायला सांगितलं की त्याला घर आठवतं. हे मी भाऊंना एकदा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, भेसळीच्या खताचं पोतं पाहावं तसं पाहिलं. कारण प्रश्न सुटला तर चहावर बोलायचं काय?

भाऊंचं खरं दैवत आहे सर्जिओ युल. भाऊ ह्यूस्टनचे. याओ मिंग तिथं खेळायचा त्या दिवसांत लागलेला नाद, सुटला नाही. २००९ मध्ये चौतिसाव्या क्रमांकावर निवडलेल्या या स्पॅनिश गार्डचा हक्क ह्यूस्टनने साडेबावीस लाख डॉलर मोजून डेन्व्हरकडून घेतला. दुसऱ्या फेरीतल्या पोरासाठी तोवर कुणी एवढी रक्कम मोजली नव्हती. आणि युल? तो रिअल माद्रिदमध्ये होता, तिथंच राहिला. ह्यूस्टनने निरोप धाडावे, त्याने माद्रिदशी करार वाढवावा. २०२३ च्या युरोलीग अंतिम सामन्यात, पस्तीस वर्षांचा असताना, तीन सेकंद उरले असता त्याने टाकलेल्या चेंडूने माद्रिद एका गुणाने जिंकलं. ह्यूस्टनला त्यातून दमडी मिळाली नाही. भाऊंनी दुकानात पेढे वाटले.

"आपला पोट्टा जिंकला."

"आपला कसा, भाऊ? तो तर आलाच नाई."

"आला असता तं एव्हाना म्हातारा झाला असता. नाई आला म्हून अजून तसाच हाय."

यावर बोलायला जागा राहत नाही. हाच न्याय भाऊ आपल्या देशातल्या गड्यालाही लावतात. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग २०१५ मध्ये डॅलसने बावन्नावा निवडला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलसने त्याला आपल्या खालच्या लीगमधल्या संघात घेतलं, एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, आणि पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला. लोक हळहळले. भाऊंचं निदान वेगळं. "नेला तिथंच चुकलं. त्याले पंजाबातच राखीव ठेवाले पायजे होतं. आज हिंदुस्थानात कोनी तोंड वर करून म्हनलं असतं का, का आपला एक गडी एनबीएत चालत नाई?"

या हक्कांना मरणही लवकर येत नाही, आणि ते भाऊंना फार आवडतं. एनबीएत अदलाबदल करताना दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावंच लागतं. द्यायला काहीच नसलं की संघ कपाट उघडतात आणि कधीकाळी निवडलेल्या, कधीही न आलेल्या एखाद्या गड्याचा हक्क पुढे सरकवतात. तो बिचारा कुठंतरी मुलाला शाळेत सोडायला चाललेला असतो, आणि त्याची मालकी एका शहरातून दुसऱ्या शहरात गेलेली असते.

वहिनी हे सगळं काउंटरच्या आतल्या बाजूने ऐकतात. एकदा पावत्या फाडता फाडता म्हणाल्या, "आपला एक गडी बंगलोरले राखीव हाय. चार वर्षं झाले, दिवाळीले येतो म्हनते. त्याले साइन करता का पयले?" भाऊंनी मोबाइलचा आवाज वाढवला.

जिल्ह्यात असं राखीव घर नसलेली आळी सापडणं कठीण. पोरगा पुण्याला, हिंजवडीत. पोरगी हैदराबादला. हक्क सगळा इथं. आधार कार्डावर पत्ता इथला, लग्नाची बोलणी इथं, आणि खेळ तिकडे. त्यामुळे आमच्या मंडळाच्या बास्केटबॉल टीमचाही प्रश्न एनबीएहून निराळा नव्हता. जानेवारीतले सामने तोंडावर आले, आमचा गार्ड पाय मुरगळून बसला. उरला तो आयटीआयचा एक पोरगा, रोज पहाटे पाचला सिमेंटच्या कोर्टवर झाडू मारून सराव करणारा. त्याच्याबद्दल भाऊंचं मत एका वाक्याचं होतं. "तो तं हायेच."

दुसरा होता पुण्यातला. इथंच घडलेला, आता कंपनीत. भाऊंनी त्याचं नाव दरवर्षी यादीत सातव्या क्रमांकावर घातलेलं, आणि समोर कंसात 'पुणे'. नुसत्या त्या कंसाने दारव्ह्याची आणि दिग्रसची टीम दबून असते, असा भाऊंचा दावा. मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, आणायचा का? हिशेबाची वही माझ्याकडे. ट्रॅव्हल्सचं येणं-जाणं, स्लीपर, कारण गार्डला बसून आणता येत नाही. नवीन जर्सी, जुनी आता होणार नाही. जेवण. सुटी देणारा मॅनेजर हा वेगळा खर्च.

"सोडवाचा खर्च, बायआउट, मोठा हाय," भाऊ म्हणाले. "यंदा नको. पुढच्या वर्षी मार्केट पाहू."

ठराव झाला. आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्या पोराचाच फोन आला. एका लग्नाला यायचंच होतं, तिकीट काढलंय, सामना कितीला आहे? असा घाबरलेला चेहरा मी भाऊंचा कापसाचे भाव पडलेल्या वर्षीही पाहिला नव्हता.

सकाळी तो ट्रॅव्हल्समधून उतरला. पाय सुजलेले, हातात मानेखाली घ्यायची उशी. भाऊंनी त्याला खालून वर पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "इन्स्टाग्रामवर उंच दिसे."

पोराने पहिले दोन चेंडू लांबून टाकले, दोन्ही जाळीत. तीन-तीन गुण. मैदान ओरडलं. भाऊ गप्प. दुसऱ्या क्वार्टरला त्यांचा कंठ फुटला. "डाव्या हातानं जातच नाई." मग, "डिफेन्स नाई." मग, "दम नाई, एसीत राह्यते ना." तिसऱ्या क्वार्टरला पोराने खरंच हात गुडघ्यावर टेकले, आणि आयटीआयवाला आत गेला. त्याने चेंडू हिसकला, पास दिला, परत हिसकला, आणि दिग्रसचा गार्ड वैतागून पंचांशी भांडू लागला. आम्ही सामना जिंकलो. भाऊंनी टाळ्या वाजवल्या, पण लग्नात आहेर देताना वाजवतात तशा, पाकिटाकडे लक्ष ठेवून.

संध्याकाळी पुण्याच्या पोराने पाया पडून विचारलं, "काका, पुढच्या वर्षी येऊ ना?"

"ये ना बाप्पा, कोन नाई म्हनते!" असं म्हणून भाऊंनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. तो वळला तशी त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली, सातव्या क्रमांकावरचं नाव खोडलं आणि आवाज खाली आणला.

"आर्णीचा एक पोट्टा जर्मनीले गेला म्हनते. एम.एस. करून रायला. सहा फूट तीन इंच. डावखुरा."

"खेळतो का पण?"

"तिथं एका क्लबात जाते म्हनते."

"म्हणजे त्याला आणायचं आहे का भाऊ? विमानाचं तिकीट—"

"आणाचं कोन म्हनलं?" भाऊ दचकले. "तू नुसतं नाव लिहून ठेव. कंसात जर्मनी."