बिनतारी, पण दोन तारांचा

कॉर्डलेस फोन घेतला की तारेतून सुटका, असं दुकानदार सांगतो. घरी आणल्यावर एका तारेच्या दोन होतात: एक टेलिफोनची, दुसरी विजेची. जुना काळा डबा एक्स्चेंजकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर निमूट चालायचा. गावभर अंधार असला तरी वीज कंपनीला चार शब्द सुनावण्याची सोय होती. कॉर्डलेसचा बेस मात्र दिव्यांबरोबरच मान टाकतो. पल्ला ३०० मीटर, पण मोकळ्या मैदानात. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मैदान कुठून आणायचं, याबद्दल माहितीपुस्तिका गप्प.

खरी करमणूक आन्सरिंग मशीनची. ‘बीपनंतर निरोप ठेवा’ हे रेकॉर्ड करताना घरातला कर्ता पुरुष आकाशवाणीवर बातम्या द्यायला बसल्यासारखा घसा खाकरतो, आणि ती खाकरही रेकॉर्ड होते. मग मावशींचा फोन येतो. हँडसेट शोधायला बेसवरचं बटण दाबावं, तर तो उशीखालून किंचाळतो. हाती लागेपर्यंत मशीनने फोन उचललेला असतो. निरोप असा: ‘हॅलो... हॅलो... अगं, तुझे मिस्टर कुणाशी बोलतायत? ऐकतच नाहीत मेले! जाऊ दे, ठेवते.’